स्थानिक हिवताप संपल्यानंतर बाहेरून येणाऱ्या रुग्णांवर नजर कशी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका भागात सलग तीन वर्षे स्थानिक लागणीचा एकही हिवताप-रुग्ण नाही. दरवर्षी थोडे रुग्ण सापडतात, ते सगळे बाहेरून लागण घेऊन आलेले. आता रक्ततपासण्या कमी कराव्यात का? प्रवेशाच्या ठिकाणीच प्रवाशांची तपासणी केली तर काम सोपे होईल का? आणि एखादा रुग्ण बाहेरचा की इथला, हे खात्रीने कसे ठरवायचे?

आधी उद्दिष्टाबद्दल बोलू, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रसार चालू असतो तेव्हा सर्वेक्षण रुग्णसंख्या खाली आणण्यासाठी असते. प्रसार थांबल्यावर तो हेतू उरत नाही. माणसे नोकरीसाठी, शिक्षणासाठी, नातेवाइकांना भेटायला जात-येत राहणार. त्यामुळे बाहेरून येणारे रुग्ण शून्यावर येणार नाहीत, आणि ते वाढले म्हणजे आपले काम बिघडले असेही नाही. पुष्कळदा ते वाढतात कारण शोध चांगला चाललेला असतो. अडवायचा असतो तो त्या रुग्णापासून इथल्या माणसाला होणारा हिवताप. आणि तो अडतो की नाही, हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते: पहिल्या रुग्णाला ताप आल्यापासून योग्य औषध पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले. माझ्या मते या टप्प्यावरच्या सगळ्या खर्चाची, मनुष्यबळाची आणि कागदपत्रांची कसोटी हीच असावी. जे काम हे दिवस कमी करत नाही, ते मागे ठेवावे.

या दिवसांना इतके महत्त्व का, ते हिवतापाच्या परजीवीच्या जीवनक्रमात आहे. त्याच्या दोन मुख्य जाती म्हणजे व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. डासाला लागण देते ती परजीवीची गॅमिटोसाइट ही अवस्था. व्हायवॅक्समध्ये ती तापाच्या सुरुवातीपासूनच रक्तात असते, म्हणजे निदान होण्यापूर्वीच रुग्ण डासांना लागण देऊ शकतो. फॅल्सिपेरममध्ये ती साधारण दहा-बारा दिवसांनी दिसते. डासाच्या शरीरात परजीवीची वाढ पूर्ण व्हायला २५ अंश सेल्सिअसच्या आसपास व्हायवॅक्सला सुमारे १० दिवस आणि फॅल्सिपेरमला सुमारे १२ दिवस लागतात. तापमान १६ अंशांखाली गेले की व्हायवॅक्सची, आणि १८ अंशांखाली गेले की फॅल्सिपेरमची वाढ जवळजवळ थांबते. पुढे नव्या माणसाला डास चावल्यापासून ताप येईपर्यंत व्हायवॅक्समध्ये बहुधा १२ ते १८ दिवस जातात.

यावरून दोन गोष्टी निघतात. फॅल्सिपेरमचा रुग्ण पहिल्या आठवड्यात सापडला आणि बरा झाला, तर त्याच्यापासून पुढे लागण जाण्याची शक्यता फारच कमी राहते. व्हायवॅक्स ही सवलत देत नाही. तिथे प्रत्येक दिवस मोजावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, आज सापडलेल्या रुग्णापासून कोणाला लागण झाली असेल, तर तो दुसरा रुग्ण तापाने अंथरूण धरेल ते तीन-चार आठवड्यांनंतर. पहिल्या आठवड्यात शेजारपाजार तपासून कोणी सापडले नाही, एवढ्यावर प्रकरण बंद करता येत नाही.

आता पहिला प्रश्न, तपासण्या कमी करण्याचा. एकूण आकडा कमी करायला माझी हरकत नाही. लोकसंख्येच्या ठरावीक टक्के रक्तनमुने गोळा करायचे, मग ते कुणाचेही असोत, ही जुनी पद्धत प्रसार चालू असताना उपयोगी होती. आता तिच्यामुळे प्रयोगशाळेत रक्ताच्या निरर्थक काचपट्ट्यांचा ढीग साचतो आणि ज्याची तपासणी तासाभरात व्हायला हवी त्याची पट्टी त्या ढिगात दोन दिवस पडून राहते. पण कपात करताना कुठे करायची हे नीट बघावे लागते. ज्या गावातून वर्षभरात एकही रक्तनमुना आला नाही, तिथल्या शून्य रुग्णांना मी शून्य मानत नाही. तिथे कोणी पाहिलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून रुग्णसंख्येच्या शेजारी नेहमी तपासण्यांची संख्या लिहावी, ठिकाणवार आणि महिनेवार. डासांच्या हंगामात ज्या भागातून नमुने येणे थांबते, तो भाग नकाशावर सर्वांत आधी दिसला पाहिजे.

श्रीलंकेचा इतिहास या कामातल्या प्रत्येकाने जवळून पाहावा असा आहे. १९६३ मध्ये त्या देशात वर्षभरात फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर फवारणी आवरती घेतली गेली आणि दक्षता सैल झाली. दशकाच्या अखेरीस मोठी साथ आली. १९६९ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक रुग्ण झाले. पुन्हा शून्याजवळ पोहोचायला त्यांना ऑक्टोबर २०१२ उजाडावा लागला, तेव्हा शेवटचा स्थानिक रुग्ण नोंदला गेला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. मधली जवळजवळ पन्नास वर्षे, त्यातले आजार आणि मृत्यू, ही त्या ढिलाईची किंमत आहे. मला यात विशेष वाटते ते हे की, दुसऱ्या वेळी यश मिळाल्यावर त्यांनी हिवतापाची यंत्रणा मोडली नाही. फक्त तिचे काम बदलले.

मग तपासणी कोणाची करायची? ताप आणि प्रवासाचा इतिहास असलेल्या प्रत्येकाची, त्याच दिवशी. यात तडजोड नाही. पूर्वी हिवताप झालेला आणि पुन्हा ताप आलेला माणूस. बाहेरच्या कामगारांची वस्ती असलेली बांधकामे, खाणी, रस्त्याची कामे, मासेमारीची बंदरे इथला तापाचा रुग्ण. डासांची उपलब्धता असलेल्या भागात तीन दिवसांहून जास्त टिकलेला, कारण न सापडलेला ताप. आणि एक गट सहज निसटतो: ताप आहे, प्लेटलेट कमी आहेत आणि डेंगीची चाचणी नकारात्मक आहे. हिवतापातही प्लेटलेट कमी होतात. ज्या भागातून हिवताप गेला आहे, तिथल्या तरुण डॉक्टरांच्या मनात प्लेटलेट म्हटले की डेंगीच येतो. या एका कारणाने रुग्णाचे चार-पाच दिवस सहज वाया जातात. फॅल्सिपेरम असेल आणि रुग्णाला प्रतिकारशक्ती नसेल, तर एवढ्या दिवसांत मेंदूचा हिवताप होऊन जीवही जाऊ शकतो.

इथेच मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण हिवतापमुक्त भागातली सर्वेक्षणाची खरी चौकी म्हणजे तापाचा रुग्ण पहिल्यांदा ज्याच्यासमोर बसतो तो डॉक्टर, मग तो सरकारी असो वा खाजगी. त्याने एक प्रश्न विचारायचा असतो. तो प्रश्न ‘बाहेरगावी कुठे गेला होता का?’ असा विचारला की उत्तर हमखास ‘नाही’ असे येते. ट्रकचालकाला आपला रोजचा मार्ग म्हणजे प्रवास वाटत नाही. परदेशात स्थायिक झालेला, सुट्टीला घरी आलेला माणूस स्वतःला प्रवासी समजत नाही, उलट घरी आलो असे समजतो. जहाजावरचा खलाशी बंदरांची नावे सांगतो, पण किनाऱ्यावर काढलेल्या रात्री त्याला आठवून द्याव्या लागतात. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘गेल्या वर्षभरात रात्रीचा मुक्काम कुठे कुठे झाला?’ हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या वेळात चावतो, त्यामुळे मुक्कामाची जागा महत्त्वाची. आणि वर्षभर का, तर व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात सुप्त राहून सहा ते बारा महिन्यांनीही ताप आणू शकतात.

त्यानंतर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: पूर्वी हिवताप झाला होता का, तेव्हा कोणते औषध किती दिवस घेतले, आणि बरोबर कोण कोण होते. केसपेपरवर आणि प्रयोगशाळेच्या मागणीपत्रावर यासाठी छापील रकाना असावा. रकाना रिकामा असेल तर नमुना घेणाऱ्याने तिथेच विचारून भरावा. परिपत्रके पाठवून डॉक्टरांची सवय बदलत नाही. मला उपयोगी पडलेला उपाय सोपा आहे: परिसरात बाहेरून आलेला रुग्ण सापडला की नाव न सांगता त्याची हकीकत चार ओळींत तिथल्या सर्व डॉक्टरांना कळवायची. कितव्या भेटीत निदान झाले, काय चुकून वाटले होते, कोणत्या प्रश्नाने उलगडले. आपल्या शेजारच्या दवाखान्यात आलेला रुग्ण डॉक्टर विसरत नाहीत.

शिवाय ज्या डॉक्टरने रुग्ण ओळखून कळवला, त्याला त्याच दिवशी फोन करून पुढे काय झाले ते सांगावे. माहिती एकाच दिशेने जात राहिली की ती देणारे हळूहळू थांबतात. आणि शंका आली तर रात्री-अपरात्रीही विचारता येईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा, ज्यावर हिवताप जाणणारा माणूस खरोखर उत्तर देतो. श्रीलंकेने अशी चोवीस तासांची सोय ठेवली आहे. औषधांच्या बाबतीतही हेच सूत्र लावावे: गंभीर रुग्णासाठीचे आर्टेसुनेट इंजेक्शन प्रत्येक रुग्णालयात ठेवले तर मुदत संपून फेकावे लागेल. ते दोन-तीन ठरलेल्या ठिकाणी ठेवावे आणि काही तासांत कुठेही पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

दुसरा प्रश्न, प्रवेशाच्या ठिकाणी तपासणीचा. विमानतळावर, बंदरावर किंवा सीमानाक्यावर ताप मोजणारी यंत्रे बसवणे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची मागणी होते. पण लागण झालेला माणूस पहिले काही दिवस पूर्ण निरोगी दिसतो. परजीवी यकृतात असताना ताप नसतो आणि रक्ताची कोणतीही चाचणी नकारात्मकच येते. व्हायवॅक्सच्या सुप्त अवस्थेला पकडणारी तर नेहमीच्या वापरातली चाचणीच नाही. उलट नकारात्मक अहवालाचा कागद हातात पडलेला माणूस पुढे ताप आला तरी ‘माझी तपासणी झाली आहे’ असे सांगतो आणि डॉक्टरही त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून सरसकट तपासणीच्या मी विरोधात आहे.

ठरावीक गटांची गोष्ट वेगळी. एकाच ठिकाणाहून एकत्र परतणारे सैनिक, शांतिसेनेच्या तुकड्या, खाणकामगार, निर्वासित यांची यादी मिळते, त्यांच्याशी पुन्हा संपर्क करता येतो. त्यांची आल्यावर एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, आणि वर्षभर तापाची विचारपूस ठेवावी. ज्या प्रदेशात हिवताप भरपूर आहे तिथे वाढलेल्या प्रौढांत अंशतः प्रतिकारशक्ती असते. ताप नसतानाही रक्तात थोडे परजीवी असू शकतात. इतके थोडे की झटपट निदानाच्या रॅपिड किटला ते दिसत नाहीत. अशा गटासाठी परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी परवडत असेल तर तिथे ती वापरावी.

२०१३ मध्ये चीनच्या ग्वांगशी स्वायत्त प्रदेशातल्या शांगलिन परगण्यात याची मोठी परीक्षा झाली. घानात बेकायदा सोन्याच्या खाणींवर कारवाई सुरू झाल्यावर तिथले हजारो चिनी कामगार थोड्याच महिन्यांत घरी परतले आणि त्यांच्यात शेकडो हिवताप-रुग्ण निघाले. लागण बाहेरची, घटना दूरच्या खंडातली, आणि तिचा भार पडला एका ग्रामीण परगण्याच्या दवाखान्यांवर. यातून मी घेतो तो धडा असा: आपल्या भागातली माणसे कुठे कामाला जातात याची माहिती यंत्रणेला आधीपासून असावी, आणि त्या ठिकाणी काही उलथापालथ झाली तर ती बातमी आरोग्य खात्यानेही वाचावी. मजूर पुरवणारे ठेकेदार, प्रवास कंपन्या, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या यांच्याशी ओळख ठेवणे हा सर्वेक्षणाचाच भाग आहे. जाण्यापूर्वी प्रतिबंधक गोळ्या देण्याची संधीही तिथेच मिळते. परदेशात राहून मायदेशी नातेवाइकांकडे जाणारे लोक या गोळ्या क्वचितच घेतात, कारण लहानपणी झालेला हिवताप आता आपल्याला काही करणार नाही अशी त्यांची समजूत असते. काही वर्षे बाहेर राहिल्यावर ती जुनी प्रतिकारशक्ती बरीच ओसरलेली असते.

रुग्ण सापडल्यावरच्या कामासाठी चीनने वापरलेली १-३-७ ही चौकट मला सर्वांत सोयीची वाटते: एका दिवसात नोंद, तीन दिवसांत रुग्णाची चौकशी व वर्गीकरण, सात दिवसांत त्या ठिकाणची पाहणी आणि उपाययोजना. चीनला २०२१ मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा. पण ही चौकट उचलताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिचे घड्याळ निदानानंतर सुरू होते. आपला खरा उशीर त्याआधीचा असतो: ताप आला आणि रुग्ण चार दिवसांनी दवाखान्यात गेला, पहिल्या दोन भेटींत हिवतापाची तपासणीच सांगितली नाही. म्हणून अहवालात तापाच्या पहिल्या दिवसापासून औषधाच्या पहिल्या गोळीपर्यंतचे दिवस वेगळे लिहावेत, आणि त्यातले किती रुग्णामुळे गेले, किती आपल्यामुळे, हेही. १-३-७ शंभर टक्के पाळूनही रुग्ण दहा दिवस डासांना उघडा राहिलेला असू शकतो.

चौकशीत चाचण्या मर्यादित असतील तर आधी सहप्रवाशांकडे जावे, शेजाऱ्यांकडे नंतर. बाहेरून आलेल्या रुग्णाभोवतीची घरे तपासून फार क्वचित कोणी सापडते. त्याच्याबरोबर त्याच ठिकाणी राहून आलेल्यांत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. ते वेगळ्या जिल्ह्यात गेले असतील तर तिथल्या यंत्रणेला त्याच दिवशी कळवावे. शेजारची तपासणी मात्र डासांची स्थिती पाहून ठरवावी. रुग्ण तापात असताना ज्या घरात रात्री झोपला, तिथे हिवताप पसरवणारी ॲनोफिलीसची जात आहे का, हवामान परजीवीच्या वाढीला पुरेसे उबदार आहे का, हे दोन प्रश्न. दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर रुग्णाला नीट बरे करणे एवढेच काम उरते. उत्तर होय असेल, तर आसपासच्या घरांत कीटकनाशकाची फवारणी, अळ्यांच्या जागांचा बंदोबस्त आणि पुढे तापाची पाहणी, हे सगळे सात दिवसांच्या आत सुरू व्हावे. रस्त्यावरची धूरफवारणी लोकांना दिलासा देते, पण भिंतीवर विसावणाऱ्या ॲनोफिलीसवर तिचा भरवसा ठेवू नये.

डासांचे सर्वेक्षण रुग्ण नसतानाही चालू ठेवावे लागते. ॲनोफिलीस स्टीफेन्सी ही शहरातल्या पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या हौदांत वाढणारी जात आपले मूळ क्षेत्र सोडून पसरत आहे. जिबूतीत ती २०१२ मध्ये प्रथम आढळली. तेव्हा त्या देशात वर्षाला मोजके रुग्ण होते. २०२० मध्ये ते सत्तर हजारांच्या पुढे गेले. श्रीलंकेतही मन्नारमध्ये ती सापडल्यावर तिच्यावर कडक पाळत ठेवावी लागली. आपल्या शहरात हिवतापाचा डासच नाही, हे वाक्य दर काही वर्षांनी पुन्हा तपासून पाहावे लागते.

तिसरा प्रश्न वर्गीकरणाचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. स्थानिक रुग्ण शून्य असल्याची घोषणा झाली की प्रत्येक नवा रुग्ण बाहेरचा ठरावा अशी वरपासून खालपर्यंत सगळ्यांची इच्छा असते. रुग्ण कधीतरी कुठेतरी गेला होता एवढे मिळाले की फॉर्मवर तशी खूण होते. पण प्रवास झाला होता म्हणजे लागण तिथेच झाली असे सिद्ध होत नाही. तारखा जुळाव्या लागतात. परत येऊन तीनच दिवस झाले आणि ताप आला, तर लागण प्रवासातली हे जवळपास नक्की. फॅल्सिपेरमचा रुग्ण आहे आणि प्रवास दहा महिन्यांपूर्वीचा, तर मी तो सहजासहजी बाहेरचा मानणार नाही, कारण फॅल्सिपेरम बहुधा महिन्याभरात, उशिरात उशिरा काही महिन्यांत प्रकट होतो. व्हायवॅक्ससाठी तोच दहा महिन्यांचा प्रवास पुरेसा पुरावा ठरू शकतो.

उलट बाजूनेही तारखा मदत करतात. प्रवास न केलेल्या एका माणसाला व्हायवॅक्स निघाला आणि शेजारी बाहेरून आलेला रुग्ण होता. तर त्या पाहुण्या रुग्णाचे आगमन आणि या माणसाचा ताप यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर हवे. डासातले दहा दिवस आणि माणसातले बारा दिवस कोणी टाळू शकत नाही. अंतर दहाच दिवसांचे असेल, तर लागणीचा स्रोत कोणी तिसराच आहे आणि तो अजून सापडलेला नाही. माझ्या अनुभवात चौकशीतली सर्वांत महत्त्वाची वाक्ये अशा न जुळणाऱ्या तारखांतूनच निघतात. इथला डास न चावताही लागण होऊ शकते हेही पाहावे: रक्त चढवले होते का, रुग्णालयात हिवतापाचा रुग्ण शेजारी असताना सुया-इंजेक्शने झाली का, घर विमानतळाजवळ आहे का, म्हणजे विमानातून आलेला डास चावला असेल का. मलेरियाई या जातीचे परजीवी माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून रक्तदात्याचा जुना इतिहासही मोजावा.

प्रमाणपत्र जाईल या भीतीने वर्गीकरण वळवण्याचे कारणच नाही. बाहेरून आलेल्या रुग्णापासून थेट एखाद्या स्थानिकाला लागण झाली, तर तो पहिल्या पिढीचा रुग्ण वेगळा मोजला जातो. प्रसार पुन्हा प्रस्थापित झाला असे मानण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष एकाच ठिकाणी, एकाच जातीचे, वर्षाला तीन किंवा अधिक स्थानिक रुग्ण, आणि तेही सलग तीन वर्षे, असा आहे. श्रीलंकेत २०१८ च्या अखेरीस असा पहिल्या पिढीचा रुग्ण निघाला. एका परदेशी कामगाराकडून डासामार्फत तिथल्या माणसाला व्हायवॅक्स झाला. त्यांनी तो तसाच जाहीर केला, भोवतीचे काम केले आणि पुढे लागण गेली नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये फ्लोरिडातील सारासोटा परगण्यात प्रवास न केलेले सात व्हायवॅक्स रुग्ण सापडले; कोणी तरी त्या रक्ताची पट्टी हिवतापासाठी पाहिली म्हणून ते कळले. वर्गीकरण शक्यतो रुग्ण शोधणाऱ्या यंत्रणेबाहेरच्या छोट्या समितीने करावे, आणि निर्णय होत नसेल तर ‘अनिश्चित’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची मोकळीक असावी. प्रत्येक रुग्णाचे रक्त औषध सुरू होण्यापूर्वी फिल्टर पेपरवर वाळवून ठेवावे. जनुकीय तपासणीतून परजीवी कोणत्या प्रदेशातल्यांशी जुळतो हे पुढे पाहता येते, पण त्यासाठी नमुना जपलेला असावा लागतो.

प्रयोगशाळेबद्दल थोडे, कारण तिच्याकडे सर्वांत आधी दुर्लक्ष होते. वर्षभरात एकही होकारार्थी पट्टी न पाहिलेल्या तंत्रज्ञाची नजर हळूहळू बोथट होते. त्यात त्याचा दोष नाही. त्याला अधूनमधून निकाल आधीच माहीत असलेल्या पट्ट्या पाठवून सराव द्यावा, सर्व होकारार्थी आणि काही नकारार्थी पट्ट्या वरिष्ठ प्रयोगशाळेने पुन्हा तपासाव्यात, आणि जुन्या होकारार्थी पट्ट्या शिकवण्यासाठी जपून ठेवाव्यात. रॅपिड किट सोयीचे आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. एचआरपी-२ हे प्रथिन शोधणारे किट उपचारानंतरही काही आठवडे होकारार्थी राहते, त्यामुळे परदेशात नुकताच बरा होऊन आलेला माणूस नवा रुग्ण म्हणून मोजला जाऊ शकतो. काही प्रदेशांतल्या फॅल्सिपेरममध्ये हे प्रथिन बनवणारे जनुकच नसते, आणि तिथे किट चक्क नकारार्थी येते. पेरू आणि इरिट्रियात हे आढळले आहे. आग्नेय आशियातल्या जंगलातून आलेल्या रुग्णाच्या पट्टीत मलेरियाईसारखे परजीवी दिसले तर माकडांतून येणारा नोलेसी जातीचा परजीवी असू शकतो, आणि तो झपाट्याने गंभीर होतो. म्हणून किट आणि पट्टी दोन्ही करावे, आणि जात निश्चित करण्यासाठी पीसीआर.

सगळ्या तांत्रिक गोष्टींइतकेच महत्त्वाचे म्हणजे बाहेरून आलेला माणूस आपल्याला घाबरता कामा नये. ताप सांगितला तर काम जाईल, कागदपत्रे विचारतील, परत पाठवतील, अशी भीती असेल तर तो दुकानातून गोळी घेऊन खोलीत पडून राहील, आणि ते दिवस आपल्या हातून जातील. ग्रीस १९७४ पासून हिवतापमुक्त होता. २००९ नंतर दक्षिणेकडच्या लॅकोनियातील एव्हरोतास नदीच्या खोऱ्यात व्हायवॅक्सची स्थानिक लागण दिसू लागली. तिथे शेतीच्या कामाला हिवतापग्रस्त देशांतून मजूर येत होते. त्यांच्या राहत्या जागी नियमित जाऊन तापाची विचारपूस आणि तिथेच तपासणी-उपचार, हा त्या प्रतिसादाचा गाभा होता. तपासणी आणि औषध सगळ्यांना मोफत असावे, मजुरांची भाषा बोलणारा कर्मचारी असावा आणि आरोग्य खात्याची नोंदवही इतर कोणत्याही खात्याला दाखवली जाणार नाही, हे लेखी असावे.

राहिला उपचारानंतरचा काळ. फॅल्सिपेरमला आर्टेमिसिनिन-संयुक्त उपचाराबरोबर पहिल्याच दिवशी प्रायमाक्विनचा एक कमी मात्रेचा डोस द्यावा, म्हणजे गॅमिटोसाइट जातात. गरोदर स्त्रिया आणि लहान बाळांना तो देत नाहीत. पट्टी पहिल्या आठवड्यात तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, नंतर दर आठवड्याला अठ्ठावीसाव्या दिवसापर्यंत पाहावी. व्हायवॅक्समध्ये यकृतातल्या सुप्त परजीवींसाठी प्रायमाक्विनचा समूळ उपचार लागतो, आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी करावी, कारण त्याची कमतरता असलेल्यांत लाल पेशी फुटतात. चौदा दिवसांच्या गोळ्या ताप उतरल्यावर माणूस पूर्ण करत नाही, हे सगळीकडे दिसते. म्हणून त्या कर्मचाऱ्याच्या समोर घ्यायला लावाव्यात किंवा रोज फोनवर विचारावे. त्यानंतरही वर्षभर दर महिन्याला त्याची चौकशी करावी. तो दुसऱ्या गावी गेला तर त्याचे नाव तिथल्या यादीत चढले आहे, हे पाहूनच आपल्या यादीतून काढावे. उलटलेला व्हायवॅक्स पुढच्या डासांच्या हंगामात येतो, तेव्हा पहिल्या आजाराची फाइल बंद होऊन महिने झालेले असतात आणि तो माणूस आता स्थानिक रहिवासी म्हणून दवाखान्यात बसलेला असतो.